हँडलवर जागा नाही तरी बेल बसवताय? मग निदान या चुका टाळा

रविवारी सकाळी खडकवासल्याच्या रस्त्याला आमचा सात-आठ जणांचा घोळका असतो आणि दर दोन-तीन आठवड्यांनी कोणीतरी नवीन येतं. नवीकोरी हायब्रिड, मधोमध मोबाईल होल्डर, त्याच्या शेजारी टॉर्चएवढा लाईट, पलीकडे किलोमीटर दाखवणारं मीटर. बेल कुठेय विचारलं की साहेब मान खाली घालून शोधायला लागतात. असते कुठेतरी. एकाची तर होल्डरच्या मागे स्टेमला, म्हणजे हँडल मधोमध धरून ठेवणाऱ्या भागाला, चिकटून होती, वाजवायची म्हणजे मोबाईलच्या खालून बोट घालायचं. बरं, हे सांगायला गेलं की उत्तर ठरलेलं, "दादा, जागाच नाहीये ना हँडलवर."

जागा कमी आहे हे खरंय. आजोबांच्या काळ्या सायकलला हा प्रश्नच नव्हता, दोन मुठी, ब्रेकच्या दांड्या आणि बाकी सगळं मोकळं मैदान. आता सरळ हँडलच्या सायकलवर ग्रिप, मग ब्रेक लिव्हर, मग गिअर बदलायचा शिफ्टर आणि तिथून लगेच नळी जाड व्हायला लागते की आलाच स्टेम. एका बाजूला सरळ गोल नळी उरते ती जेमतेम दोन-तीन बोटं. पण म्हणून बेल शेवटी, उरेल त्या फटीत? मोबाईलकडे तुम्ही सिग्नलला थांबल्यावर बघणार, मीटर बघितलं नाही तर काय बिघडतं, बेल मात्र नेमकी त्या अर्ध्या सेकंदात लागते जेव्हा पाषाण तलावापाशी फिरायला आलेले काका बोलता बोलता अचानक उजवीकडे सरकतात. आणि त्याच अर्ध्या सेकंदात ब्रेकही लागतो.

म्हणून माझी एकच पद्धत आहे. सायकलवर बसायचं, दोन बोटं ब्रेकवर ठेवायची, नजर समोर, आणि नुसता अंगठा हलवून बघायचा. तो जिथपर्यंत आरामात पोचतो तिथे बेलचा खटका आला पाहिजे, बाकी सगळं त्याच्यानंतर. बेल वाजवायला मूठ सोडावी लागत असेल तर ती बेल नाही, दागिना आहे.

हात कुठला? मी डावा म्हणतो. उजवीकडे वळताना उजवा हात बाहेर काढावा लागतो आणि बेलची गरज बहुतेक वेळा तेव्हाच पडते. पुढे, म्हणजे पेडलपाशी, चेनची एकच दातेरी चकती असलेली सायकल असेल तर डाव्या बाजूला शिफ्टर नसतोच, मग तुमच्यासारखा सुखी माणूस नाही, पुढचं अर्धं वाचलं नाही तरी चालेल. तीन चकत्यावाल्यांनी मात्र नीट वाचा, कारण खरी गंमत तिथेच होते.

माझ्या मावसभावाची गोष्ट सांगतो. गडी घाईचा. पुढे तीन मागे आठ अशी हायब्रिड घेतली, दुसऱ्या दिवशी ती मोठी टिंग-टाँग बेल आणली, दोन वाट्यांची, आणि वर जागा नाही म्हणून डाव्या शिफ्टरला चिकटून हँडलच्या खालच्या अंगाला लावून टाकली. वाजते, अंगठ्याला लागते, दिसायलाही बरी. आठवड्याने फोन, "दादा, पुढची चेन मोठ्या चकतीवर चढतच नाहीये." मी म्हटलं नवीन सायकल आहे, केबल जरा ताणली असेल, दुकानात दाखव. दाखवली. त्यांनी केबल खेचून दिली. आता चढायला लागली पण घरघर आवाज. परत दाखवली, परत खेचली, दर वेळी पैसे वेगळे. मग एका रविवारी आम्ही सिंहगडाला निघालो. डोणज्याच्या पुढे चढ लागला आणि याची चेन सगळ्यात लहान चकतीवर उतरेचना. सिंहगडाचा चढ मधल्या चकतीवर मारणारे लोक आहेत, हा त्यातला नाही. तिसऱ्या वळणाला उतरला, तोंड लाल, सायकलला शिव्या, दुकानदाराला शिव्या, सायकल विकतो म्हणाला.

मी त्याची सायकल दगडाला टेकवून उभी केली, मागचं चाक उचललं, पेडल फिरवत डाव्या शिफ्टरचा खटका दाबला. दाबत गेलो आणि शेवटी टक्. गिअरचा टक् नव्हता तो, खटका बेलच्या वाटीला लागल्याचा होता. झालं होतं असं की पुढचा गिअर वर चढवायला डाव्या खटक्याचा घोडा बराच लांब ढकलावा लागतो, मागच्या गिअरपेक्षा खूपच जास्त, आणि आतला दात शेवटच्या टप्प्यात अडकतो. तो शेवटचा अर्धा-पाऊण सेंटिमीटर बेलने खाल्ला होता. दात अडकतच नव्हता, त्यामुळे चेन चढेना. दुकानात केबल ताणून ते झाकलं, म्हणजे नुसतं ढकलल्यावर चेन चढायची पण खटका परत मधल्या जागी यायचा, म्हणून घरघर. आणि केबल एवढी ताणलेली की सैल सोडल्यावरही चेनला ढकलणारा पिंजरा पूर्ण आत येईना, म्हणून लहान चकती गायब. बेलमुळे गिअर बिघडला असं कोणाच्या डोक्यात येणार? माझ्याही आलं नव्हतं, खोटं कशाला बोलू, मीच तर दुकानात पाठवलं होतं. तिथेच बेल सैल करून वर फिरवली, केबल अ‍ॅडजस्टरने परत ढिली केली, पाच मिनिटं. वर जाऊन पिठलं-भाकरी त्याच्याकडून.

तेव्हापासून कोणाचीही बेल बसवली की मी चार गोष्टी हाताने करून बघतो. दोन्ही बाजूचे सगळे खटके पार शेवटपर्यंत दाबायचे. दोन्ही ब्रेक मुठीला टेकेपर्यंत आवळायचे, कारण ब्रेक पॅड नवीन असताना लिव्हर थोडीच येते, पावसाळाभर घासून झाले की बरीच आत येते आणि मग कळतं की बोटं आणि बेल एकाच जागेसाठी भांडतायत. हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, केबलींची वेटोळी बेलच्या खटक्यात अडकत नाहीत ना. आणि खाली लावलेली असेल तर हँडल वळल्यावर फ्रेमच्या नळीवर आपटत नाही ना, नाहीतर सायकल स्टँडवरून एकदा पडली की नळीला पोचा ठरलेला. दोन मिनिटांचं काम आहे पण लोकांना धीर नाही, ट्रिंग वाजलं की निघाले.

आता मापाकडे येऊ, कारण दुसरी मोठी चूक तीच. लोक वाटीचा आकार बघून बेल घेतात. वाटी हवेत असते हो, ती शिफ्टरच्या वर तरंगली तरी चालते. हँडलवर जागा खातो तो क्लॅम्प, त्याची रुंदी बघा. छोट्या पितळी बेली मिळतात, एक वाटी, बाहेरून एक स्प्रिंगची हातोडी, ओढून सोडली की टिंग आणि तो आवाज बराच वेळ घुमतो, त्यांची पट्टी सेंटिमीटरभराची असते. जुन्या पद्धतीच्या बेलमध्ये आत दातेरी चाकं आणि फिरणारी पट्टी, तिच्यावरच्या सुट्ट्या चकत्या वाटीला आतून आपटतात, म्हणून तो लांब ट्रर्रर्र. आवाज मला तोच आवडतो, लहानपणचा आहे, पण त्याला जागा लागते आणि पावसाळ्यात आत गंज धरतो.

माझी स्वतःची बेल ग्रिप आणि ब्रेक लिव्हरच्या मधे आहे. लिव्हर आणि शिफ्टर दोन्ही सेंटिमीटरभर आत सरकवले, मधे पितळी बेलची बारीक पट्टी. दोन बोटांनी ब्रेक मारणाऱ्याला उलट बरंच पडतं. हात लहान असतील तर मात्र शिफ्टरला अंगठा पोचतोय ना ते आधी बघा.

आणि क्लॅम्पचा व्यास. सरळ हँडल ग्रिपपाशी 22.2 मिलिमीटर असतं, स्टेमपाशी जुन्या सायकलींना 25.4, हल्लीच्या बहुतेकांना 31.8. बाजारातली साधी बेल 22.2 ची. पोरं ती स्टेमजवळच्या जाड भागावर ताणून बसवतात, प्लास्टिकची पट्टी फाकते, स्क्रू अर्ध्या आट्यावर लटकतो, आणि पहिल्या स्पीडब्रेकरला बेल रस्त्यावर. व्यास मोजायचं व्हर्निअर नसेल तर रडू नका. कागदाची पट्टी नळीभोवती गुंडाळा, जिथे मिळते तिथे खूण करा, फूटपट्टीवर मोजा. 7 सेंटिमीटर आलं तर 22.2, 8 आलं तर 25.4, 10 आलं तर 31.8. दुकानात नुसतं "माझी हायब्रिड आहे, त्याला बसेल ती द्या" म्हणू नका, तो द्यायचा ती देईल.

उलटं, बेल सैल बसत असेल तर जुन्या ट्यूबचा तुकडा कापून मधे घाला, एक पदर, फार तर दोन. चिकटपट्टी गुंडाळू नका. एप्रिल-मेच्या उन्हात तिचा गोंद सुटतो आणि बेल हळूहळू फिरत फिरत खाली लोंबायला लागते, वर हाताला चिकचिक. आणि सैल लागली की स्क्रू अजून आवळ, अजून आवळ, हे तर बंदच करा, प्लास्टिकचे आटे एकदा गेले की गेले.

वळवलेल्या हँडलची रोड बाईक असेल तर दुखणं वेगळं. मधला 31.8 चा भाग लाईट-मीटरने भरलेला, पुढे टेप गुंडाळलेली. टेपवरून क्लॅम्प आवळणारे भेटतात, टेप दबते, आठवड्यात बेल सैल. कार्बनचं हँडल असेल तर तिथे धातूचा क्लॅम्प दाबून आवळण्याआधी हँडलची किंमत आठवा, रबरी पट्ट्याची हलकी बेल घ्या. काही बेली स्टेमखाली नळीवर बसवलेल्या गोल रिंगांच्या जागी बसतात, तिथली नळी साधारण 28.6 ची असते. दिसते झकास, जागाही खात नाही. पण ती बसवायला स्टेम काढावा लागतो, आणि आमच्यातल्या एकाने पार्किंगमध्ये उभ्या-उभ्या काढला, पुढचं चाक धरणारा फोर्क सुळ्ळकन खाली, बेअरिंग हातात. परत बसवताना वरच्या टोपीचा बोल्ट आधी हलका आवळायचा, ढिलेपणा जातोय आणि हँडल मोकळं फिरतंय हे बघायचं, मग बाजूचे स्टेमचे बोल्ट. उलट्या क्रमाने केलंत तर ब्रेक मारल्यावर पुढून टकटक येत राहील. हे जमत नसेल तर दुकानात करून घ्या, त्यात लाज कसली. आणि हो, या बेलसाठी हात सोडावा लागतोच, म्हणून मला ती फारशी पटत नाही.

बाकी किरकोळ. हँडलला जोडायची ती जादाची आडवी दांडी लाईटसाठी ठीक, बेलसाठी नाही, लांब जाते आणि खडखडते. फोल्डिंग सायकलवर बसवलीत तर एकदा घडी घालून बघा. मुलांच्या सायकलचा खटका मुलालाच दाबायला सांगा, आपल्या अंगठ्याने नाही. भोंगे वाजणारे बॅटरीवाले हॉर्न चालणाऱ्या माणसावर वाजवू नका हो, म्हातारी माणसं दचकतात. आणि काच लावलेल्या गाडीतल्या माणसाला बेल ऐकू येत नाही, तिथे ब्रेकच.

"बेल नवीन आहे पण आवाज थड् येतो" अशी तक्रार असेल तर बेल खराब नाही, तिची वाटी कशाला तरी टेकलीय. केबल, लाईटचा पट्टा, बहुतेक वेळा केबलच. दोन अंश फिरवा, आवाज मोकळा होतो. वाटीचं तोंड वर असेल तर पावसात तिच्यात पाणी साठून तसाच थड् येतो, तोंड खाली करा. पावसाळ्याआधी खटक्याच्या खिळ्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, एकच.

राहता राहिली ती वाटी. शाळेत असताना स्टँडवरून सायकल काढायला जावं तर बेलचं बूड जागेवर आणि वाटी गायब, हे ज्यांनी भोगलंय त्यांना माहितीय की ती नुसत्या आट्यावर असते. चोर सोडा, खराब रस्त्याने पण ती आपोआप सुटते, माझी एक कात्रजच्या खड्ड्यांत कुठेतरी पडलीय. तेव्हापासून वाटी बसवताना आट्यावर नेलपॉलिशचा ठिपका लावतो, हाताने जोर लावला की निघते पण धक्क्याने निघत नाही. नेलपॉलिश बायकोचं असेल तर आधी विचारा, मी विचारलं नव्हतं.