नाताळ-न्यू इयरची क्रूझ: आधी काय करायचं आणि जहाजावर गेल्यावर काय

पहिलंच सांगते, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली क्रूझ आणि एरवीची क्रूझ यात जहाज तेच असतं, बाकी सगळं वेगळं. जहाजवाल्यांचा हिशेब असा की एका केबिनला दोन माणसं धरली की जहाज शंभर टक्के भरलं. आता नाताळात काय होतं, त्याच केबिनमध्ये छतातून नाहीतर भिंतीतून तिसरा चौथा पलंग खाली ओढलेला असतो आणि त्यावर पोरं झोपलेली असतात, म्हणजे आकडा शंभरच्या वर जातो. स्विमिंग पूल मात्र तेवढाच राहतो, लिफ्ट तेवढ्याच, बुफेतली टेबलं तेवढीच. हे एवढं डोक्यात फिट्ट बसलं की निम्मं काम झालं, कारण पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं या गर्दीतून वाट कशी काढायची त्याबद्दलच आहे.

आम्ही सहा जण गेलो होतो, मी, नवरा, दोन मुलं आणि सासू-सासरे. मजा आली का, हो आली, पण पहिले दोन दिवस मी नुसती चिडचिड करत होते, तिसऱ्या दिवशी अक्कल आली.

तारखांचं आधी बघा. नाताळ जहाजावर हवाय की ३१ डिसेंबर हवाय ते ठरवा, सात दिवसांच्या सफरीत बरेचदा दोन्हीपैकी एकच बसतं, आणि दोन्ही आठवडे वर्षातले सगळ्यात महाग असतात. शाळेची अडचण नसेल तर डिसेंबरचा पहिला पंधरवडा बघा, जहाजावर नाताळची सजावट तोपर्यंत लागलेली असते, झाड उभं असतं, गाणी सुरू असतात आणि माणसं कमी. मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर... असो.

कुठे जायचं हे हवामान बघून ठरवा, फोटो बघून नको. कॅरिबियनमध्ये चक्रीवादळांचा मोसम ३० नोव्हेंबरला संपतो म्हणून डिसेंबरात सगळी जहाजं तिकडे धावतात. भूमध्य समुद्रात थंडी असते, डेकवर पोहायचं स्वप्न घेऊन जाऊ नका, पण शहरं बघायला रिकामी मिळतात. फ्रान्स-स्पेनच्या किनाऱ्यालगतचा बिस्केचा उपसागर हिवाळ्यात खवळलेला असतो हे जुने खलाशी पण सांगतील. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला तेव्हा उन्हाळा असतो. आणि ३१ तारखेचीच हौस असेल तर पोर्तुगालच्या मडेरा बेटावरचं फुंशाल शहर बघा, त्या रात्री बरीच जहाजं तिथल्या उपसागरात येऊन थांबतात आणि अख्ख्या डोंगरावरून फटाके उडतात, २००६ साली तर त्याची गिनीज बुकात नोंद झाली होती. डेकवर उभं राहून बघायचं, ट्रॅफिक नाही, पार्किंग नाही.

केबिन निवडताना लोक खिडकी आणि बाल्कनीवरच अडकतात, मी म्हणते आधी डेकचा नकाशा उघडा आणि आपल्या केबिनच्या वर काय आहे आणि खाली काय आहे ते बघा. आमची एक केबिन पूलच्या बरोबर खाली होती, भारी जागा मिळाली म्हणून मी खूश, आणि पहाटे पाच वाजता डोक्यावर खुर्च्या ओढायचा आवाज, रोज, न चुकता. वर पण केबिन आणि खाली पण केबिन अशी जागा सगळ्यात शांत. बोट लागणाऱ्यांनी मधल्या भागातली आणि खालच्या डेकवरची घ्यावी, तिथे जहाज सगळ्यात कमी हलतं, अगदी पुढच्या टोकाला आणि वरच्या मजल्यावर सगळ्यात जास्त. शेजारच्या खोलीत उघडणारं मधलं दार असलेली केबिन आपल्याच घरातल्यांसाठी घ्यायची असेल तर घ्या, नाहीतर शेजारच्यांची भांडणं फुकटात ऐकायला मिळतात.

पासपोर्टची मुदत परत यायच्या तारखेनंतर सहा महिने तरी असू दे. व्हिसाचा एक घोळ हमखास होतो, जहाज एका देशातून बाहेर पडून परत तिथेच येत असेल तर एकदाच शिरता येणारा व्हिसा चालत नाही, मल्टिपल एंट्री लागतो, शेंगेन देशांचं, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांचं, पण तसंच. इन्शुरन्स घेताना समुद्रातून उचलून हॉस्पिटलला न्यायचा खर्च त्यात धरलाय का बघा, कारण जहाजावरचा डॉक्टर फुकट नसतो आणि हेलिकॉप्टर तर नाहीच नाही. आणि निघायच्या बंदरावर एक दिवस आधी पोचा. नाताळात विमानं लेट होतात आणि जहाज कुणासाठी थांबत नाही.

बॅगेत काय. केबिनच्या भिंती बहुतेक वेळा लोखंडी असतात त्यामुळे चुंबकाचे हुक घेऊन जा, टोप्या, ओले कपडे, ओळखपत्रं सगळं भिंतीला लटकतं, एवढ्याशा खोलीत याच्यासारखं सुख नाही. इस्त्री नेऊ नका, काढून घेतात, आगीची भीती. सर्ज प्रोटेक्टरवालं एक्स्टेंशन बोर्ड पण बंद. केबिनमध्ये लावायला लाइटच्या माळा नेणार असाल तर आधी नियम वाचा, बऱ्याच जहाजांवर चालत नाहीत, दारावर चुंबकाने कागदाची सजावट लावता येते आणि ती लावाच, लांबच लांब कॉरिडॉरमध्ये सगळी दारं सारखीच दिसतात आणि आमचे सासरे दोनदा दुसऱ्याच्या दाराला कार्ड लावत उभे होते. काही जहाजांच्या गालिच्यावर मासे असतात, ते सगळे जहाजाच्या पुढच्या दिशेला पोहत असतात, हे कळलं की रस्ता चुकत नाही.

चढायच्या दिवशी मोठ्या बॅगा खालीच देऊन टाकायच्या असतात आणि त्या केबिनच्या दाराशी यायला संध्याकाळ होते, कधी रात्र. म्हणून औषधं, पासपोर्ट, चार्जर, पोहायचे कपडे आणि मुलांचा एक जोड हातातल्या बॅगेत. मी काय केलं, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या मोठ्या बॅगेत टाकल्या, "नीट कप्प्यात ठेवल्यात" म्हणून सांगितलं पण, आणि ती बॅग रात्री साडेनऊला आली. त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं बघितलं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुपारी लवकर चढता आलं तर चढा आणि सगळे बुफेकडे पळत असताना तुम्ही आधी बुकिंगं उरका, म्हणजे शो, रात्रीच्या जेवणाची वेळ, मुलांच्या क्लबची नोंदणी. अॅपवर घरूनच होत असेल तर अजून उत्तम, बुकिंग सुरू झालं की त्याच दिवशी करा. नाताळच्या आठवड्यात मुलांचे क्लब लगेच भरतात आणि मग तुमची पोरं सातही दिवस तुमच्याच गळ्यात.

मस्टर ड्रिल, म्हणजे संकटात काय करायचं त्याची तालीम, टाळायचा प्रयत्न करू नका, टाळता येत पण नाही. आपलं जमायचं ठिकाण कुठलं, लाइफ जॅकेट कसं घालायचं, सात छोटे आणि एक लांब भोंगा वाजला की काय करायचं, एवढंच असतं. पूर्वी प्रवासी चढल्यावर २४ तासांच्या आत हे केलं तरी चालायचं. १३ जानेवारी २०१२ ला कोस्टा कॉनकॉर्डिया हे क्रूझ जहाज इटलीच्या जिलिओ बेटाजवळ खडकावर आपटलं, ३२ माणसं गेली, आणि त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांचं ड्रिल व्हायचंच होतं. नंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि १ जानेवारी २०१५ पासून ड्रिल निघायच्या आधी किंवा निघाल्या निघाल्या लगेच करावं लागतं. मुलांना घेऊन केबिनपासून त्या ठिकाणापर्यंत जिन्याने एकदा चालत जा, आमच्या धाकट्याला तो खेळच वाटला.

आता गर्दी. गुरुकिल्ली एकच, सगळे जे करतायत ते तुम्ही दोन तास आधी किंवा नंतर करा. जहाज बंदराला लागलं की अर्धी माणसं उतरतात, तेव्हा पूल तुमचा, घसरगुंडी तुमची, स्पा रिकामा आणि स्वस्त पण असतो कधी कधी. एखाद्या बंदरात उतरलाच नाहीत तर पाप लागत नाही. उलट समुद्रातल्या पूर्ण दिवशी पूलवर जायचंच असेल तर सकाळी आठच्या आत, दहानंतर पाणी दिसत नाही, डोकी दिसतात. बुफेच्या ऐवजी बसून जेवायच्या हॉलमध्ये सकाळचा नाश्ता करा, बऱ्याच लोकांना तो चालू असतो हेच माहीत नसतं. लिफ्टची वाट बघत बसण्यापेक्षा जिना, आणि रात्रीचा शो सुटल्यावर तर जिनाच. खुर्च्यांवर टॉवेल टाकून गायब होणाऱ्या लोकांबद्दल मी काही लिहीत नाही, तोंडातून वाईट शब्द जाईल.

बोट लागणं हा वेगळा विषय. कान सांगतो हलतंय, डोळे सांगतात खोली जागेवरच आहे, आणि या दोघांच्या भांडणात पोट ढवळतं. त्यामुळे बरं वाटत नाही म्हणून केबिनमध्ये अंधार करून फोन बघत पडणं हा सगळ्यात चुकीचा उपाय, डेकवर जा, वारा घ्या आणि क्षितिजाकडे बघत रहा. गोळी उलटी व्हायला लागल्यावर नाही, हलायला लागायच्या आधी घ्यायची असते, आणि त्याने झोप येते, म्हणून घरूनच डॉक्टरला विचारून न्या, मुलांसाठी आणि म्हाताऱ्यांसाठी तर नक्कीच. पोट रिकामं ठेवू नका. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात, स्टॅबिलायझर म्हणतात, त्यामुळे आडवं डोलणं बरंच कमी होतं, पण पुढे-मागे वर-खाली होणं ते थांबवत नाहीत.

आणि हात धुवा, साबणाने. दारात सॅनिटायझर घेऊन माणूस उभा असतो म्हणून आपण तेवढ्यावर भागवतो, पण नोरोव्हायरस म्हणजे ते उलट्या-जुलाबाचं प्रकरण, त्यावर सॅनिटायझर नीट चालत नाही, साबण आणि वाहतं पाणी लागतं. एवढी माणसं, त्यात एवढी पोरं, सगळ्यांचे हात त्याच चमच्यांना.

बंदरात उतरताना दोन गोष्टी. एक, २५ डिसेंबर आणि १ जानेवारीला बऱ्याच ठिकाणी दुकानं, म्युझियम सगळं बंद असतं, त्या दिवशी जहाज कुठे आहे ते बुकिंगच्या वेळीच बघा. दुसरं, फोनवर वेळ आपोआप त्या देशाची होते आणि जहाजाची वेळ वेगळी असू शकते, म्हणून साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून ठेवा. परत चढायची शेवटची वेळ निघायच्या अर्धा-एक तास आधीची असते. जहाजाच्या सहलीने गेलात आणि उशीर झाला तर साधारणपणे थांबतात, स्वतःच्या टॅक्सीने गेलात तर नाही, मग पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च तुमचा. काही ठिकाणी जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या बोटीने जावं लागतं, टेंडर म्हणतात, त्याची सकाळची लाईन भयानक असते, आम्ही दहानंतर गेलो, पाच मिनिटांत बसलो.

फोनवरून आठवलं, जहाज निघालं की एअरप्लेन मोड. समुद्रात फोन आपणहून जहाजाच्या मोबाईल नेटवर्कला चिकटतो आणि ते रोमिंग साध्या रोमिंगसारखं नसतं, बिल बघून चक्कर येते. वाय-फायचं पॅकेज वेगळं घ्या, आधी घेतलं तर स्वस्त. टिप बऱ्याच जहाजांवर रोजच्या हिशेबाने आपोआप खात्यात लागते, ती बजेटमध्ये आधीच धरा. जहाजावरचा सगळा खर्च केबिनचं दार उघडायच्या त्याच कार्डावर होतो, पैसे दिसत नाहीत म्हणून मुलांना कार्ड देताना त्याची खरेदी बंद करून द्या आणि बिल रोज रात्री बघा, शेवटच्या दिवशी काउंटरवर त्यासाठीच लाईन असते.

नाताळच्या दिवशी काय असतं तर मोठ्या हॉलमध्ये उंच झाड, संध्याकाळी कॅरोल, सकाळी सांता येतो आणि मुलांची लाईन लागते. भेटी मिळतात पण काय मिळेल सांगता येत नाही, आपल्या मुलांसाठी एखादी छोटी वस्तू घरूनच बॅगेत लपवून न्या. एक दिवस सगळे नटूनथटून जेवायला येतात, सक्ती नसते पण एक चांगला कपडा असू दे, फोटो त्याच दिवशीचे चांगले येतात. ३१ च्या रात्री वरच्या डेकवर बाराला मुंगीला पण जागा नसते, अकराच्या आधी कठडा धरा, आणि जॅकेट घ्या, जहाज चालत असतं तेव्हा वारा चावतो. सासू-सासरे वर आलेच नाहीत, बाल्कनीत खुर्च्या टाकून बसले, आणि सगळ्यात छान फोटो त्यांचेच आले.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात, रात्रीत घेऊन जातात आणि सकाळी थेट बंदरावर मिळतात. ठेवायच्या आधी प्रत्येकाचे उद्याचे कपडे आणि बूट बाहेर काढलेत का ते स्वतः मोजा, कुणाच्या "हो ठेवलेत" वर विश्वास ठेवू नका, आमचा मोठा केबिनमधल्या पांढऱ्या सपाता घालून जहाजावरून उतरला. घाई असेल तर स्वतःच बॅगा ओढत उतरायचा पर्याय पण असतो, लवकर सुटता, फक्त सामान जिन्याने न्यायची तयारी ठेवा. परतीचं विमान दुपारनंतरचंच घ्या.

आणि घरी आल्यावर दोनएक दिवस जमीन हलल्यासारखी वाटते, घाबरू नका, बहुतेकांचं आपोआप जातं, फार दिवस राहिलं तर डॉक्टरला दाखवा. तोपर्यंत डोळे मिटून डोक्यावर पाणी घेताना एक हात भिंतीला लावून ठेवा.