माथेरानचं एक वळण, चार बाय दोनच्या फळीवर

सुरुवातीला मी नेरळ ते माथेरान या छोट्या रेल्वेची अख्खी लाइनच खेळण्यातल्या मापात, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढी, करायला निघाले होते. वहीत गणित मांडलं. एकवीस किलोमीटर भागिले सत्त्याऐंशी, उत्तर आलं २४० मीटर. आमचा बदलापूरचा हॉल साडेचार मीटरचा. ह्यांनी वहीत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "सोसायटीची परवानगी काढ, जिन्यातून वर नेऊ."

तेव्हा पहिली गोष्ट ही, की एकच जागा निवडा. या छंदातली जितकी अर्धवट कामं मी पाहिली आहेत, ती सगळी मोठ्या नकाशाने मेलेली आहेत. मी निवडली ती माउंट बॅरीच्या पायथ्याची जागा. जुम्मापट्टीच्या वर गाडीला डोंगर आडवा येतो. तिथे इंजिन मागेपुढे करत चढायला लागू नये म्हणून भराव घालून घोड्याच्या नालासारखं मोठं वळण दिलेलं आहे, आणि त्यापुढे लाइनवरचा एकुलता एक बोगदा, वन किस टनेल. १९०४ ते १९०७ या काळात अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी ही लाइन बांधली. खेळण्याच्या गाडीसाठी इतकी सोयीची आखणी मला दुसरी सापडली नाही. एक वळण, एक बोगदा, मधे खोल दरी, बाकी सगळी झाडी.

आता मापाचं बोलते, कारण नवखा माणूस इथेच गोंधळतो. खरी लाइन दोन फुटी, म्हणजे ६१० मिलिमीटर. १:८७ या प्रमाणात तिचे रूळ सात मिलिमीटर अंतरावर हवेत. बाजारात सहज मिळतात ते नऊ मिलिमीटरचे. हिशेब केला तर ते ७८३ मिलिमीटरच्या लाइनचे होतात, म्हणजे बार्शी लाइट या जुन्या नॅरोगेज लाइनच्या ७६२ शी त्यांचा मेळ जास्त बसतो. कुर्डुवाडी-बार्शीकडच्या कुणाला त्या गाडीचा लळा असेल तर त्यांनी निर्धास्त नऊ मिलिमीटरवर तीच करावी. मी माथेरानसाठी ही दोन मिलिमीटरची थाप पचवली. स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, अर्धे मातीत पुरले की कुणाच्या लक्षात येत नाही. मात्र रूळ घेताना नॅरोगेजचेच मागा. साध्या एन गेजच्या, म्हणजे नऊ मिलिमीटरच्याच पण मोठ्या गाड्यांच्या प्रतिकृतींसाठी केलेल्या, रुळांचे स्लीपर बारीक आणि दाटीवाटीने असतात, ते ब्रॉडगेजची नक्कल वाटतात. मी ब्रिटनच्या पेको कंपनीचे वाकवता येणारे रूळ मागवले, तीन तुकडे पुरले.

फळी चार फूट बाय दोन फूट, बारा मिलिमीटरचं प्लायवुड, खालून दोन इंची पट्ट्यांची चौकट. दोन फूट म्हणजे ६१ सेंटिमीटर. वळणाची त्रिज्या २३ सेंटिमीटर धरली तर व्यास ४६, दोन्हीकडे सात-सात सेंटिमीटर डोंगराला उरतात. त्रिज्या यापेक्षा कमी करू नका, लांब डबा रूळ सोडतो. २३ सेंटिमीटर म्हणजे खऱ्या जमिनीवर २० मीटर. ब्रॉडगेजची गाडी एवढ्या वळणावर हास्यास्पद दिसेल. माथेरानची गाडी मात्र तिथे घरच्यासारखी वळते, आणि छोट्या फळीवर नॅरोगेज करण्यात खरा फायदा तो आहे.

रूळ पुढच्या डाव्या कोपऱ्यातून निघतो, उजवीकडे जाऊन वळतो आणि मागच्या बाजूने परत डावीकडे येऊन बोगद्यात शिरतो. एकूण लांबी साधारण अडीच मीटर. दोन्ही टोकांना फूटभर सपाट ठेवा, गाडी उभी करायला. उरलेल्या दोन मीटरमध्ये चढ. खऱ्या लाइनवर तो काही ठिकाणी वीसला एक आहे. मीही हौसेने वीसला एक ठेवला, तर इंजिन तीन डबे घेऊन ऐन वळणात जागच्या जागी चाकं फिरवत बसलं. वळणात चाकं रुळाला घासतात, चढ आणखीच जाणवतो. शेवटी तीसला एक केला. मागचा रूळ पुढच्यापेक्षा साडेसहा सेंटिमीटर वर गेला, आणि डोळ्याला ते पुरतं. चढ जास्त वाटावा म्हणून मी एक लबाडी केली. रुळाच्या कडेने जी पायवाट आहे, ती उलट्या दिशेने किंचित उतरती ठेवली. पाहणारा हमखास विचारतो, "एवढ्या उभ्या चढावर चढते कशी?"

चढाला आधार म्हणून फोमच्या पाचरी कापा आणि स्पिरिट लेव्हल आडवी ठेवून बघत जा. रूळ एका अंगाला कलला की गाडी तिथेच घसरणार. चढ सुरू होतो ती जागा एकदम मोडू नका, वीत-दीड वीत हळूहळू उचला. सांध्यांत पोस्टकार्डाच्या जाडीची फट ठेवा. मी जानेवारीत सगळं घट्ट बसवलं होतं. मे महिन्यात खिडकीतल्या उन्हाने मधला तुकडा धनुष्यासारखा उचलला.

वायरिंग आमच्या ह्यांचं खातं. त्यांच्याकडून शिकलेलं एवढंच सांगते की सांध्याच्या पत्रीवर विसंबू नका. प्रत्येक तुकड्याला खालून लाल-काळी अशा दोन वायरी सोल्डर करा आणि पुढे जाण्याआधी मल्टीमीटरने तपासा. खडी पसरल्यावर दोष शोधणं म्हणजे गोधडीत सुई शोधणं. वीज १२ व्होल्ट डीसी. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मोटरचा वेग कमी-जास्त करणारी छोटी सर्किटं मिळतात, सोबत एक अॅडॅप्टर आणि दिशा बदलायला सहा पायांचा स्विच, दुकानात डीपीडीटी म्हणून मागावा. नालाची टोकं उघडीच ठेवा. मोह होऊन ती परत एकाच रुळाला जोडलीत की डावा रूळ उजव्याला मिळतो आणि शॉर्ट होतं.

डोंगराचं काम माझं. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळे इथे थोडी सविस्तर बोलते.

परदेशी पुस्तकांत खडक दाखवतात ते वाकडेतिकडे, टोकदार, तिरक्या थरांचे. तसे केलेत तर तो आल्प्स होतो. सह्याद्री पायऱ्यापायऱ्यांचा आहे. लाव्हाचे थर एकावर एक साचलेत, म्हणून कडा उभा, मग गवताची आडवी पट्टी, मग पुन्हा कडा. अधेमधे भाजक्या विटेसारखा तांबडा थर. नेरळ स्टेशनवरून वर बघितलं तरी हे दिसतं. मी फोमचे थर आडवे रचले, कटरने कडा तोडली (कापली नाही, तोडली, म्हणजे खडबड येते) आणि वरून प्लास्टर ऑफ पॅरिसचा हात दिला. ते अर्धवट सुकलं की जुन्या टूथब्रशने आणि मोडक्या ब्लेडने आडव्या रेघा ओढायच्या. पूर्ण सुकल्यावर काळपट तपकिरी पाण्यासारखा पातळ रंग सोडायचा, तो भेगांत आपोआप जाऊन बसतो. मग जवळजवळ कोरड्या ब्रशने फिक्या राखाडी रंगाचे कंगोरे. हाच क्रम ठेवा. उलटा केलात तर डोंगर पावडर लावल्यासारखा दिसतो.

बोगद्याचं तोंड कापण्याआधी सर्वांत लांब डब्याच्या दोन्ही टोकांना आणि मध्यभागी पेन्सिलचे तुकडे चिकटपट्टीने बांधा आणि डबा हाताने ढकलत न्या. वळणात मधला भाग आत झुकतो, टोकं बाहेर फेकली जातात. पेन्सिलीने जी रेघ उमटेल तिच्याबाहेर अर्धा सेंटिमीटर सोडून भिंत घ्या. बोगद्याला मागून हात घालायला खिडकी ठेवा. गाडी घसरते ती आतच.

खडीचं प्रकरण जरा लांबचं आहे. विकतची खडी महाग, आणि तिचा रंग इकडचा नाही. खरी खडी पन्नास मिलिमीटरची धरली तर आपल्याला जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा दाणा हवा. शेजारच्या बांधकामावरून मी डबाभर कच आणला, आपला काळ्या दगडाचा. आधी चहाच्या गाळणीतून, मग मैद्याच्या चाळणीतून. चाळणीत जे उरतं ते आपलं, खाली पडेल ती धूळ रस्त्याला. धुऊन वाळवला, पसरला, चिकटवला. दिसायला असा सुरेख, की मी रात्री टॉर्च लावून बघत बसले होते.

आठ दिवसांत इंजिन कुरकुरायला लागलं, मग ठप्प. ह्यांनी खालचं झाकण उघडलं तर मोटरच्या चुंबकाला आणि दातेरी चाकांना काळी मिशी फुटलेली. आपल्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, म्हणजे चुंबकाला चिकटणारं लोखंडी खनिज. मोटर जाता-येता ते वर ओढून घेत होती. शाळेत लोहचुंबकाचा तास शेजारच्या वर्गात वर्षानुवर्षं ऐकलेली बाई मी!

तेव्हा कच असो की लाल माती, कागदावर पातळ पसरा. जुन्या स्पीकरचं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि वरून फिरवा. पिशवी उलटी केली की चिकटलेलं सगळं झडतं. पिशवीला काही लागेनासं होईपर्यंत हे करायचं. मला अकरा वेळा करावं लागलं. उपसून काढलेल्या खडीच्या जागी नवी खडी घातली आणि त्यानंतर झाकण उघडायची पाळी आलेली नाही.

चिकटवायची रीत अशी. कोरडी खडी चमच्याने टाका, मऊ ब्रशने स्लीपरच्या मधे बसवा, रुळाच्या आतल्या कडेला दाणा राहू देऊ नका. वरून आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बारीक फवारा. मग एक भाग फेव्हिकॉल, दोन भाग पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब असं मिश्रण डोळ्यांच्या औषधाच्या ड्रॉपरने रुळांच्या मधोमध सोडा. खडी आधी ओली नसेल तर थेंब वर गोळा होऊन बसतो आणि दाणे घेऊन घरंगळतो. ओली असेल तर तो क्षणात आत जिरतो, दुधात साखर विरघळावी तसा. चोवीस तास हात लावू नका. दुसऱ्या दिवशी रुळाचा माथा पॉलिश पेपरने घासू नका, चरे पडून त्यांत मळ बसतो. फडक्याला अल्कोहोल लावून पुसा. रुळांच्या बाजू मात्र गंजाच्या रंगाने रंगवा. चकाकणारे रूळ हे खेळण्याचं पहिलं लक्षण.

खाली काळा दगड आणि वर जांभा, म्हणून डोंगराच्या वरच्या भागात नर्सरीतली लाल माती वस्त्रगाळ करून घेतली. पहिल्या प्रयत्नात काटकसर म्हणून मी चहाचा वाळवलेला चोथा वापरला होता. रंग झकास आला. जुलैत त्यावर पांढरी बुरशी धरली, पंधरा दिवसांत माथेरानवर बर्फ पडलं. घरात जे खाता-पिता येतं ते फळीवर घालू नका. खळही नको, मुंग्या येतात.

झाडांसाठी जुन्या वायरीतल्या तांब्याच्या तारा पिळून खोड करा, किंवा वाळलेल्या घोसाळ्याची जाळी फाडून घ्या, ती फांद्यांसारखीच असते. पानांसाठी भांडी घासायचा स्पंज हिरव्या रंगात बुडवून, वाळवून मिक्सरमधून काढा. मिक्सर जुना घ्या आणि पुन्हा चटणीला वापरू नका. हिरवे किमान चार करा आणि प्रत्येकात चिमूटभर तपकिरी मिसळा. गवताला सुतळी रंगवून तीन मिलिमीटरचे तुकडे कापले. ऋतू आधीच ठरवून टाका. मी नोव्हेंबर धरला, म्हणजे खाली झाडी हिरवी आणि उघड्या पायऱ्यांवरचं गवत पिवळं पडायला लागलेलं. भर पावसाळा करायचा असेल तर नेरळहून वर गाडी दाखवू नका, ती तेव्हा बंद असते.

तयार माथेरानची गाडी मला कुठे मिळाली नाही. जपानच्या काटो कंपनीचं मोटर बसवलेलं छोटं चासी, म्हणजे चाकांसकट खालचा सांगाडा, घेतलं आणि वर डिझेल इंजिनाची पेटी प्लास्टिकच्या पत्र्याची केली. डबे मात्र लग्नपत्रिकांचे. चांगल्या घरच्या पत्रिकेचा पुठ्ठा कटरने स्वच्छ कापला जातो, खिडक्यांच्या कडा फाटत नाहीत. कापायच्या आधी त्यावर पातळ वॉर्निशचा हात द्या, दमट हवेत वाकत नाही. डब्यांचे रंग वेळोवेळी बदलत आलेत, म्हणून जुना फोटो समोर ठेवून एक साल ठरवा आणि त्यालाच चिकटून राहा.

माणसं दोन सेंटिमीटरपेक्षा उंच नकोत. फार नकोत, सात-आठ पुरे. एक घोडेवाला घोड्याला धरून रूळ ओलांडायला थांबलाय, दोन माकडं बोगद्यावर. आणि डब्यांच्या मधल्या फळीवर हाताने ब्रेक आवळणारा माणूस विसरू नका. तो नसेल तर गाडी कुठलीही असू शकते. मी तो तारेवर एम-सील लावून केला. तीनदा वळणात पडला. मग त्याच्या बुडातून टाचणी आरपार काढली आणि डब्यात रोवली.

जूनमध्ये फळी जुन्या चादरीत गुंडाळून पलंगाखाली जाते, सोबत बुटांच्या खोक्यांत येतात त्या सिलिकाच्या पुड्या. दसऱ्याला बाहेर काढली की आधी रूळ पुसायचे, मग सांध्यांवरून नख फिरवायचं. जिथे नख अडतं तिथे चाक अडणार. यंदा बोगद्याच्या आतला एक सांधा वर आला आहे. मागच्या खिडकीतून माझा हात तिथवर पोचत नाही, आणि ह्यांचा तर मावतच नाही.