बाल संरक्षण समितीत नाव आलं? मंग या चुका टाळा

आमच्या गावात समितीचं रजिस्टर गाडीवर फिरायचं. कोणी वावरात, कोणी किराणा दुकानात, पेन पुढं केला की सही, मीटिंग झालीच नाही. मी बी दोनदा तशीच सही केली अन् दिवाळीपासून शाळेत न येणाऱ्या एका पोरीचं नाव त्याच पानावर होतं, हे मले दोन महिन्यांनी कळलं. ते अजून मनातून जात नाही. बसल्याशिवाय, वाचल्याशिवाय सही नका करू बाप्पा.

समितीत सरपंच अध्यक्ष, सोबत अंगणवाडी ताई, आशाताई, शिक्षक, पोलीस पाटील, अन् गावातली दोन मुलं बी सदस्य असतात. त्या मुलांना काहून कोणी बोलावत नाही? कोणती पोरगी शाळा सोडून कापूस वेचायला जाते हे सगळ्यात आधी त्यांनाच माहीत असते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "गावातलं गावातच मिटवू". लग्नासाठी मुलगी 18 अन् मुलगा 21 पूर्ण पाहिजे. वयाची शंका आली तर आधारकार्डावर न जाता शाळेचा नाहीतर जन्माचा दाखला पाहा, अन् पत्रिका छापायच्या आधी घरी जा, हळद लागल्यावर गेलं की मांडवात भांडणच होते. घरचे ऐकत नसतील तर ग्रामसेवकांना सांगा, बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तेच आहेत, अन् 1098 ही लेकरांसाठीची हेल्पलाइन तर रात्री बी लागते. लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर दोन्ही घरं समोरासमोर बसवायची नाहीतच, सरळ पोलिसांना कळवायचं, 2012 च्या पॉक्सो कायद्यात माहीत असून गप्प राहणं हाच गुन्हा आहे.

लेकराचा फोटो, नाव व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका, चांगल्या मनानं बी नाही. 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 2 लाखापर्यंत दंड होऊ शकते, अन् त्या लेकराची गावभर चर्चा होते ते वेगळंच.

बाल संगोपन योजना फक्त अनाथांची, असं सांगून विधवा बायांना परत पाठवतात, ते चूक आहे. बाप गेला अन् आई आहे, त्या लेकराचाबी अर्ज होते, महिन्याला 2250 रुपये. फक्त "मी मंजूर करून देतो" म्हणू नका, तो आदेश जिल्ह्याची बाल कल्याण समिती देते, आपण कागदं जमवून द्यायची.

अन् वीटभट्टीवर जाणाऱ्या घरांची यादी ते गावातून निघायच्या आधीच करा, मुकादमाचा फोन नंबर लिहून, कारण पोरं कोणत्या भट्टीवर गेली हे मार्चमध्ये विचारलं तर कोणीच सांगत नाही.