ताणाने लेकराच्या हृदयाचा स्नायू दमतो तेव्हा काय करायचं

छातीत दुखतंय म्हणणारं बहुतेक लेकरू बरगड्यांच्या किंवा स्नायूंच्या दुखण्यानेच कळवळत असतं. म्हणून "टेन्शन घेतलंय, होईल बरं" हे वाक्य घरात सहज निघतं. पण टेन्शन आहे हे कळलं म्हणजे हृदय ठीक आहे असं होत नाही. क्वचित तोच ताण हृदयाला इजा करतो.

मोठी फिट, मेंदूतला रक्तस्राव, दम्याचा तीव्र झटका, शस्त्रक्रिया किंवा जबर धक्का बसला की अॅड्रेनलिनसारखी संप्रेरकं रक्तात उसळतात. हृदयाचा डावा खालचा कप्पा टोकाकडे आकुंचन पावेनासा होऊन फुग्यासारखा फुगतो. हृदयाच्या रक्तवाहिन्या मात्र मोकळ्या असतात. जपानमध्ये १९९० च्या सुमारास वर्णन झालेल्या या आजाराला टाकोत्सुबो म्हणतात. मुलांत तो दुर्मीळ आहे आणि बरेचदा भावनिक धक्क्यापेक्षा शारीरिक आजारामागून येतो.

घरी दोन गोष्टी तपासा. लेकरू शांत असताना श्वास पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणू नका, लहानांचा श्वास एकसारखा चालत नाही. १ ते ५ वर्षांत मिनिटाला ४० किंवा जास्त श्वास म्हणजे धाप आहे. मग छातीच्या मधल्या हाडावर बोटाने ५ सेकंद दाबा. पांढरी पडलेली जागा ३ सेकंदांतही लाल झाली नाही, तर रक्ताभिसरण कमी पडतंय.

धाप, घेरी, निळसर ओठ, गार घामेजलेले हातपाय किंवा खेळता खेळता शुद्ध जाणं, यांतलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा. नागपुरात मेडिकल, मेयो किंवा मिहानचं एम्स ही सरकारी रुग्णालयं गाठता येतात. लेकराला आडवं झोपायचा आग्रह करू नका; बसून बरं वाटत असेल तर बसू द्या. श्वास थांबला, शुद्ध नाही, तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, छातीच्या एक तृतीयांश खोलीपर्यंत दाबत राहा.

डॉक्टरांना कागदावर लिहून द्या: ताप कधी आला, फिट आली का, नेब्युलायझर किती वेळा दिला, विंचू चावला का. शेवटचा प्रश्न आपल्या विदर्भात सोडूच नका. लाल विंचवाच्या विषानेही संप्रेरकांची अशीच उसळी येते आणि त्यात प्राझोसिन हे औषध लवकर मिळणं मोलाचं ठरतं. नेब्युलायझरचं सांगायचं कारण असं की त्यातलं साल्ब्युटामॉल हे दम्याचं औषधही हृदयाला चेतवतं.

रुग्णालयात ईसीजी, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे सांगणारी रक्ततपासणी) आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) होतो. पहिला ट्रोपोनिन नॉर्मल आला तरी काही तासांनी पुन्हा करावा लागतो. सगळ्यात मोठी चूक म्हणजे तापानंतरचा मायोकार्डायटिस (हृदयाच्या स्नायूचा दाह) ताणाच्या नावावर खपवणं. इकोत दोन्ही सारखे दिसू शकतात, म्हणून गरज पडल्यास एमआरआय करतात. ताणाचं निदान बाकीची कारणं बाद झाल्यावरच करायचं. सलाईनचा मारा फुप्फुसात पाणी भरू शकतो. कप्प्यातून रक्त बाहेर पडायची वाट अडली असेल तर डोब्युटामिनसारखी हृदयाचा जोर वाढवणारी औषधं ती आणखी अडवतात. म्हणून इको होईपर्यंत "सलाईन लावा" असा हट्ट घरच्यांनी धरू नये.

बहुतेक मुलांत पंपिंग काही दिवसांत ते आठवड्यांत सुधारतं. तरीही पुन्हा इको नॉर्मल येईपर्यंत पळणं, पोहणं आणि पीटी बंद. वर्गशिक्षकांना चिठ्ठी द्या. मायोकार्डायटिस निघाला तर खेळ साधारण ३ ते ६ महिने थांबतात. धक्का कुठलाच सापडत नसेल आणि बीपी वाढलेलं, डोकेदुखी, घाम असेल, तर मूत्रपिंडावरच्या ग्रंथीची गाठ आहे का, याची तपासणी मागा.