ग्रीसला पहिल्यांदा जाताना: बेटं, बोटी आणि वाऱ्याचा हिशेब

पहिल्या ग्रीस सहलीचा आराखडा बहुतेकदा असा असतो: एक दिवस अथेन्स, मग मिकोनोस, पारोस, नॅक्सोस, सँटोरिनी, आणि शेवटच्या दिवशी सकाळच्या बोटीने अथेन्सला येऊन संध्याकाळचं विमान. नकाशावर ही बेटं एकमेकांना खेटून दिसतात, म्हणून असं सुचतं. प्रत्यक्षात बेट बदलायचं म्हणजे अर्धा दिवस गेलाच. खोली अकराला सोडायची, बोट दुपारची, ती तासभर उशिरा, पलीकडे बसची वाट. चार बेटं म्हणजे दोन पूर्ण दिवस बॅगा ओढण्यात. शिवाय वारा सुटला तर सगळी साखळीच कोलमडते.

म्हणून आधी बोटींचा मार्ग बघा, बेटं त्यानुसार निवडा. नऊ-दहा रात्री असतील तर पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी हा क्रम चांगला: अथेन्स ३ रात्री, नॅक्सोस ३ किंवा ४, सँटोरिनी २, आणि शेवटची रात्र पुन्हा अथेन्सला. नॅक्सोस आणि सँटोरिनी एकाच मार्गावर आहेत, त्यामुळे मागे फिरावं लागत नाही. पोहण्यासाठी नॅक्सोसचे वाळूचे किनारे कितीतरी सरस आहेत आणि राहणं-खाणंही स्वस्त. सँटोरिनी बघण्याची जागा आहे, समुद्रात डुंबण्याची कमी. तिथे दोन रात्री पुरतात. क्रीट किंवा ऱ्होड्स ही मोठी बेटं आहेत. त्यांच्यासाठी स्वतंत्र आठवडा हवा, दोन दिवसांत ती उरकू नयेत.

कधी जायचं

मे अखेर ते जून मध्य, किंवा सप्टेंबर. मेमध्ये हवा छान असते, पण पाणी गार लागतं. सप्टेंबरमध्ये समुद्र उन्हाळाभर तापून उबदार झालेला असतो. शाळेच्या सुट्टीमुळे आपल्याकडच्या कुटुंबांना मे सोयीचा पडतो आणि तो योग्यही आहे. दिवाळीच्या सुट्टीत मात्र बेटांचा बेत करू नका. ऑक्टोबर संपता संपता बेटांवरची बरीच हॉटेलं आणि खानावळी बंद होतात, बोटीही कमी होतात. तेव्हा अथेन्स, डेल्फी, मेतेओरा असा मुख्य भूमीवरचा बेत करा.

जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून ‘मेल्तेमी’ वाहतो. बाल्कनवर हवेचा दाब जास्त आणि तुर्कस्तानवर कमी, या फरकातून हा वारा उठतो. तुर्कस्तानवरचा तो कमी दाब म्हणजे दक्षिण आशियावरच्या, आपला मोसमी पाऊस ओढून आणणाऱ्या पट्ट्याचंच पश्चिमेकडचं टोक. आकाश निरभ्र, ऊन लख्ख, आणि तरीही बोट रद्द, असं त्यामुळे घडतं. १५ ऑगस्ट हा तिथला मेरीमातेचा मोठा सण. त्या आठवड्यात अर्धं अथेन्स बेटांवर गेलेलं असतं, तिकिटं आणि खोल्या दोन्ही मिळत नाहीत.

व्हिसा

ग्रीस शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. सर्वांत जास्त रात्री ज्या देशात, त्या देशाकडे अर्ज करायचा. रात्री समसमान असतील तर जिथे पहिल्यांदा प्रवेश करणार तिथे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण शंका निघाली तर ४५ पर्यंत जातात. उन्हाळ्याच्या तोंडावर भेटीची वेळ मिळणं हीच खरी अडचण असते, म्हणून मे महिन्याच्या सहलीचा अर्ज फेब्रुवारीत टाका.

शुल्क प्रौढांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांखालील मुलांना ४५. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचा सेवाआकार वेगळा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला, परतीनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन पानं कोरी असलेला हवा. विमा किमान ३०,००० युरोंचा आणि प्रवासाच्या सर्व दिवसांचा. बँकेच्या उताऱ्यात अर्जाच्या आठवड्यात अचानक मोठी रक्कम जमा दिसली की संशय येतो. ती कुठून आली याचा कागद जोडा. आणि कोसहून बोद्रुमला किंवा ऱ्होड्सहून मार्मारिसला, म्हणजे तुर्कस्तानात, एक दिवस जाऊन यायचं मनात असेल तर एकापेक्षा जास्त प्रवेशांचा व्हिसा मागा. एकदाच प्रवेश देणाऱ्या व्हिसावर बाहेर पडलात की परतीचं दार बंद.

ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर पहिल्या प्रवेशाच्या वेळी बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे रांग लांबते. फ्रँकफर्ट किंवा म्युनिकमार्गे जात असाल तर हा सोपस्कार तिथेच होतो. दोन विमानांमध्ये किमान तीन तास ठेवा. दुबई, दोहा किंवा इस्तंबूलमार्गे गेल्यास तो अथेन्सला होतो.

बॅग भरताना एवढं पाहा: युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, पनीर नको. हापूसही नाही, कारण ताज्या फळांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. चकली, शेव, लाडू (तेलातले, तुपातले नव्हे), मेतकूट, ठेपले चालतात. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध घरीच ठेवा. बाकी नेहमीची औषधं डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्या. आपली तीन पिनांची प्लग तिथे बसत नाही, दोन गोल पिनांची बसते.

विमानतळ ते शहर

अथेन्स विमानतळावरून निळी, म्हणजे तीन नंबरची मेट्रो सिंतग्मा चौकात साधारण चाळीस मिनिटांत पोहोचवते आणि पुढे थेट पिरेयस बंदरापर्यंत जाते. विमानतळाचं तिकीट एकेरी ९ युरो. शहरातलं नव्वद मिनिटांचं साधं तिकीट १.२० युरोला मिळतं, पण ते विमानतळाच्या प्रवासाला चालत नाही. ते घेऊन बसलेल्यांना जबर दंड होतो. तीन दिवसांचा पर्यटक पास २० युरोंना आहे, त्यात विमानतळाचं जाणं-येणं आणि शहरातला सगळा प्रवास येतो. तीन दिवसांच्या आत परतणार नसाल तर त्याचा अर्धा फायदा वाया जातो, तेवढं जोडून पाहा. रात्री मेट्रो बंद झाल्यावर एक्स ९५ बस सिंतग्माला आणि एक्स ९६ पिरेयसला चोवीस तास धावतात. मेट्रोत, विशेषतः मोनास्तिराकी आणि ओमोनियाच्या आसपास, पाकीटमार सराईत आहेत. दार बंद होताना होणारी ढकलाढकली हीच त्यांची वेळ. पासपोर्ट मागच्या खिशात नको.

अक्रोपोलिस

अक्रोपोलिस म्हणजे अथेन्समधली प्राचीन मंदिरांची टेकडी. तिकीट ३० युरो, ठरलेल्या वेळेचं, आणि ते ग्रीक सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. शोधताना वर येणारी बरीच पानं दलालांची असतात आणि तेच तिकीट चढ्या भावाने विकतात. सकाळी आठची वेळ घ्या. ती संपली असेल तर संध्याकाळी सहानंतरची. मधल्या वेळी वर सावलीचा टिपूस नाही, आणि उष्णतेची लाट आली की सरकार दुपारी काही तास टेकडी बंदच ठेवतं. अक्रोपोली मेट्रो स्थानकाजवळच्या आग्नेयेकडच्या दारातून वर जा. तिथे गर्दी कमी आणि वाटेत दिओनिसोसचं नाट्यगृह लागतं. पायाखालचा संगमरवर अडीच हजार वर्षं घासून आरशासारखा झालाय, गुळगुळीत तळव्याचे सँडल हमखास घसरतात. उंच टाचांच्या चपलांना प्राचीन स्थळांवर बंदीच आहे.

उतरल्यावर दुपार वातानुकूलित अक्रोपोलिस संग्रहालयात काढा. टेकडीवर एरेक्थेओन मंदिराला आधार देणाऱ्या स्त्रीमूर्ती दिसतात त्या प्रतिकृती आहेत. मूळच्या सहांपैकी पाच या संग्रहालयात आहेत, सहावी लंडनला. जमिनीवरचा खापराचा तुकडा किंवा दगड आठवण म्हणून खिशात टाकू नका, तो गुन्हा आहे.

बोट

पिरेयस बंदर अवाढव्य आहे आणि तिथली दारं इ-१ ते इ-१२ अशी क्रमांकांनी ओळखतात. सिक्लेड्स बेटांकडे, म्हणजे नॅक्सोस, पारोस, सँटोरिनीकडे जाणाऱ्या बोटी बहुतेकदा मेट्रो स्थानकासमोरच्या इ-६ आणि इ-७ भागातून सुटतात. ऱ्होड्स-कोसकडच्या बोटी इ-१ वरून. ते दार बंदराच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि बॅग घेऊन चालत जाण्यासारखं नाही. आतली मोफत बस पकडा. आपलं दार तिकिटावर आणि कंपनीच्या संदेशात आदल्या दिवशी पुन्हा तपासा. तिकिटावर किंवा फलकावर सँटोरिनीऐवजी ‘थिरा’ लिहिलेलं असेल, गोंधळू नका. मिकोनोस किंवा तिनोसला विमानतळावरून थेट जायचं असेल तर पिरेयसपेक्षा राफिना बंदर जवळ पडतं.

मोठी संथ बोट घ्यायची की वेगवान? पिरेयसहून नॅक्सोसला मोठी बोट पाच-साडेपाच तास घेते, सँटोरिनीला साडेसात-आठ. वेगवान बोट बराच वेळ वाचवते, पण भाडं बरंच जास्त, बाहेर उभं राहायला डेक नाही, आणि लाटांवर ती अशी आपटते की ज्यांना घाटातल्या एसटीत मळमळतं त्यांचे हाल होतात. शिवाय वाऱ्यात सर्वांत आधी तीच रद्द होते. मोठ्या बोटीत सर्वांत स्वस्त तिकिटावरही डेकवर बसता येतं, उपाहारगृह असतं, आणि सुन्यो अंतरीप ओलांडल्यावर बेटं एकेक करून जवळ येताना दिसतात. पहिल्यांदा जाताना मोठीच घ्या.

चढणं भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रोसारखं, गाड्यांच्या डेकमधूनच. आत शिरताच बाजूला बेटांच्या नावांचे कप्पे असतात. मोठी बॅग आपल्या बेटाच्या कप्प्यात ठेवायची, पासपोर्ट-पैसे-औषधं जवळ. सुटण्याच्या तासभर आधी पोहोचा. उतरताना खरी धांदल होते. बोट बेटावर जेमतेम दहा मिनिटं थांबते, त्यामुळे घोषणा झाली की लगेच खाली गाड्यांच्या डेकवर उतरून बॅग हातात घ्यायची आणि दार उघडण्याची वाट पाहायची. वर खुर्चीत बसून राहिलेला माणूस पुढच्या बेटावर पोहोचतो.

वाऱ्याचा जोर बोफर्ट या वाऱ्याच्या मोजपट्टीवर साधारण ८ वर गेला की तटरक्षक दल मोठ्या बोटींनाही बंदरात थांबवतं, वेगवान बोटींना त्याआधीच. त्याला तिथे ‘अपागोरेफ्तिको’ म्हणतात. अशा वेळी तिकिटाचे पैसे परत मिळतात किंवा पुढच्या बोटीत जागा मिळते, पण हुकलेल्या विमानाची भरपाई कोणी देत नाही. शेवटची रात्र अथेन्सला ठेवायची ती यासाठी.

सँटोरिनीला बोट अथिनिओस बंदरात लागते. वर उभा कडा, नागमोडी रस्ता. बोट आली की फिरा गावाची सरकारमान्य ‘केतेल’ बस उभी असते. ती भरते झटपट, म्हणून उतरल्यावर फोटो नंतर काढा. बेटावरच्या बहुतेक बस फिरामधूनच बदलाव्या लागतात. इया गावातून सूर्यास्त बघायला दोन तास आधी जागा धरून बसणाऱ्यांची गर्दी असते. इमेरोविग्ली गावाहून तोच सूर्य तितकाच चांगला मावळतो आणि उभं राहायला जागाही मिळते.

शाकाहारी माणसाने काय मागायचं

ग्रीसमध्ये शाकाहारी उपाशी राहत नाही. ‘लादेरा’ हा ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्यांचा प्रकार जवळपास प्रत्येक घरगुती खानावळीत असतो: फरसबीची ‘फासोलाकिया’, वांगी-बटाटे-दुधीसारख्या झुकिनीचं ‘ब्रियाम’, मोठ्या पांढऱ्या वालासारख्या दाण्यांचे ‘यीगांदेस’. सँटोरिनीला पिवळ्या डाळीचा घोटलेला ‘फावा’ आणि टोमॅटोची भजी. उकडलेली पालेभाजी ‘होर्ता’ लिंबू पिळून येते. ‘येमिस्ता’, म्हणजे भरलेले टोमॅटो-मिरच्या, आणि द्राक्षाच्या पानांच्या वड्या यांत कधी भात, कधी खिमा; विचारूनच घ्या. ‘इमे होर्तोफागोस’ म्हणजे मी शाकाहारी आहे. ‘होरीस क्रेआस, होरीस प्सारी’ म्हणजे मांस नको, मासे नको. पदार्थ ‘निस्तीसिमो’, म्हणजे उपवासाचा आहे असं सांगितलं तर त्यात दूध-अंडं नक्की नाही, पण कोळंबी आणि माकूळ त्यांच्या उपवासाला चालतात! कांदा-लसूण टाळणं अवघड.

टेबलावर पाव न मागता येतो आणि बिलात एक-दोन युरो लागतात. नको असेल तर लगेच परत करा. ताज्या माशाचा भाव किलोवर असतो, शिजवण्याआधी वजन करून घ्या. बिल किंवा पावती दिली नाही तर पैसे देण्याचं बंधन ग्राहकावर नाही, हे मेनूकार्डवरच छापलेलं असतं. अथेन्समध्ये नळाचं पाणी पिता येतं, सँटोरिनीसारख्या बेटांवर नाही.

पैसे, खोली, गाडी

कार्ड जवळपास सगळीकडे चालतं. यंत्राने ‘रुपये की युरो’ विचारलं तर युरोच निवडा, रुपयांचा दर नेहमी महाग लावलेला असतो. एटीएम बँकेच्या इमारतीचं वापरा. हॉटेलच्या आरक्षणात न धरलेला एक कर काउंटरवर भरावा लागतो: एप्रिल ते ऑक्टोबर दर खोलीला दर रात्री एक-दोन तारांकित हॉटेलात २ युरो, तीन तारांकितमध्ये ५, चारमध्ये १०, पाचमध्ये १५.

संडासात कागद टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा. जुने पाइप अरुंद आहेत आणि लगेच तुंबतात. जेटही नसतो, तेव्हा प्लास्टिकचा लहान मग बॅगेत असू द्या.

गाडी किंवा स्कूटर भाड्याने घ्यायची तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना आधीच काढा. तो एक वर्ष चालतो. वाहतूक उजवीकडून. चारचाकीच्या परवान्यावर स्कूटर देणारे दुकानदार बेटांवर भेटतात, पण अपघात झाला की विमा कंपनी हात वर करते. चार चाकांच्या उघड्या क्वाड गाड्या मजेशीर दिसतात. उतारावरच्या वळणावर त्या उलटतात, त्यापेक्षा लहान मोटार बरी.

कोणत्याही संकटात ११२. आणि परतीच्या आदल्या दिवशी मेट्रोचा संप नाही ना, हे हॉटेलात विचारा. संप बहुधा आधी जाहीर होतात. असेल तर टॅक्सी रात्रीच ठरवून ठेवा. विमानतळ ते शहराचा मध्य हे टॅक्सीभाडं दोन्ही दिशांना ठरलेलं आहे, मध्यरात्र ते पहाटे पाच जास्त.