राख ओढताना व्हॅक्यूममधून उडणारी धूळ

भट्टीतली राख वर्कशॉपच्या व्हॅक्यूमने ओढली की मागच्या तोंडातून तीच राख खोलीभर पसरते, कारण साधा फोमचा फिल्टर इतके बारीक कण अडवत नाही. ड्रममध्ये बारीक धुळीची पिशवी लावा, वर हेपा फिल्टर, म्हणजे अगदी बारीक कणही अडवणारा. शिवाय जादा होजपाइप ब्लोअरच्या, म्हणजे हवा बाहेर फेकणाऱ्या मागच्या तोंडाला घट्ट बसवून दुसरं टोक खिडकीबाहेर सोडा. होज लांबला की ओढ कमी होते. दोन-तीन मीटर पुरे. मोठा ढीग मात्र आधी सुपलीनेच झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरा. आणि राख पूर्ण विझलेली हवी: वरून गार लागली तरी आत निखारा तीन-चार दिवसही धुमसत राहतो, कागदी पिशवी पेटायला तेवढं पुरतं. फिल्टर झटकायचा तो बाहेरच, मास्क लावून.