पॅडॉक स्टँडवरून हायाबुसा घसरत होती, शेवटी उपाय सापडला

लक्षण असं: पॅडॉक स्टँडने (चाक जमिनीवरून उचलून धरणारा स्टँड) मागचं चाक उचलताना स्टँडचा डावीकडचा एल-आकाराचा रबरी कप स्विंगआर्मखालून (मागचं चाक धरणारा दांडा) सरकायचा आणि माझी २६६ किलोंची सुझुकी मोटरसायकल उजवीकडे झुकायची. चेन साफ करायलाही भीती वाटू लागली होती.

कपांचं रबर बदललं, स्विंगआर्मला टेप गुंडाळली, दोन वेळा नवरा मदतीला उभा राहिला. काही उपयोग नाही. कप स्विंगआर्मला नुसता खालून टेकतो, धरून ठेवत नाही. खरं दुखणं ते होतं.

स्विंगआर्मवर स्पूल (बोल्टने बसणारे छोटे गोल खुंट) बसवले आणि स्टँडचे कप काढून व्ही-हुक (स्पूलला खालून धरणारे व्ही-आकाराचे हुक) लावले. माझ्या गाडीला ८ मिमी बोल्टचे स्पूल लागतात. इतर गाड्यांना ६ किंवा १० मिमीचेही असतात, म्हणून आधी मोजा. चुकीचा बोल्ट जबरदस्तीने फिरवलात तर स्विंगआर्मचे आटे जातील.

आता क्रम असा. सपाट फरशी, साइड स्टँड खाली, पुढचा ब्रेक लिव्हर पट्ट्याने आवळलेला, गाडी न्यूट्रलमध्ये. डाव्या बाजूने मागे उभं राहून डाव्या हाताने शेपटाकडून गाडी सरळ करायची, उजव्या हाताने स्टँड आणून दोन्ही हुक स्पूलखाली अडकवायचे. उजवीकडचा हुक वाकून डोळ्यांनी बघायचाच! हुक आणि स्पूलमध्ये फट दिसली तर पुन्हा पहिल्यापासून. मग हँडल एका दमात, झटका न देता जमिनीपर्यंत दाबायचं.

पुढचं चाक उचलायचं असेल तर मागचा स्टँड लागल्यावरच. उतरवताना आधी पुढचं चाक, मग साइड स्टँड खाली असल्याची खात्री, मग मागचं.